तीव्र डोकेदुखीचा कॉल: रुग्णवाहिकेवर नव्याने आलेल्यांसाठी

रुग्णवाहिकेवरच्या पहिल्या वर्षात मला सगळ्यात जास्त चकवलं ते डोकेदुखीच्या कॉलने. अपघातात रक्त दिसतं, छातीत दुखत असेल तर ईसीजी काढता येतो. डोकेदुखीत समोर माणूस खुर्चीत बसलेला असतो, बोलत असतो, बीपी थोडं वाढलेलं आणि बाकी आकडे ठीक. अशांपैकी बहुतेकांना अर्धशिशी नाहीतर ताणाची डोकेदुखी निघते. आणि मग एखाद्याच्या मेंदूची रक्तवाहिनी फुटलेली असते. पहिल्या दहा मिनिटांत दोघंही सारखेच दिसू शकतात.

निदान पक्कं करणं आपल्याच्याने होणार नाही, गाडीत सीटी स्कॅन नसतो. पण आपल्याला जे मिळतं ते पुढे डॉक्टरांना मिळत नाही: दुखणं जिथे सुरू झालं ती जागा, ते डोळ्यांनी पाहिलेली माणसं आणि अजून धड बोलणारा रुग्ण. तासाभराने रुग्ण गुंगीत असेल, गोळीने दुखणं दबलेलं असेल आणि सोबत आलेला भाचा ‘मी तेव्हा घरी नव्हतो’ म्हणेल. म्हणून या लेखात औषधांपेक्षा विचारण्याबद्दल जास्त लिहिलंय.

औषधांच्या मात्रा प्रौढांच्या आहेत. तुमच्या सेवेचा लेखी प्रोटोकॉल आणि फोनवरचे डॉक्टर काही वेगळं सांगत असतील तर त्यांचं ऐका.

निघण्यापूर्वी: बॅगेत आणि हातात काय हवं

- बीपीचा पट्टा, पल्स ऑक्सिमीटर, थर्मामीटर, ईसीजी
- ग्लुकोमीटर आणि मुदत न संपलेल्या पट्ट्या
- छोटा टॉर्च. मोबाइलचा नको, त्याच्या झोताने रुग्ण डोळे मिटून घेतो आणि बाहुली दिसतच नाही
- नॉन-रीब्रीदर मास्क (पिशवी लावलेला, जवळजवळ पूर्ण ऑक्सिजन देणारा) आणि भरलेलं सिलिंडर. मिनिटाला १५ लिटरने १५ मिनिटं म्हणजे २२५ लिटर, हा हिशोब निघतानाच करा
- सक्शन, बॅग-मास्क, उलटीच्या पिशव्या (एक नव्हे, चार)
- शीर लावायचं सामान, सलाइन, ग्लुकोज
- पॅरासिटामॉल, उलटीवरचं इंजेक्शन, आकडीसाठी मिडाझोलम, गरोदर-बाळंतिणीच्या आकडीसाठी मॅग्नेशियम सल्फेट
- स्वतःसाठी आणि रुग्णासाठी साधे मास्क
- बॅगेच्या पट्ट्याला अडकवलेला कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म
- नोंदपत्रक, नकारपत्र, ग्लासगो कोमा स्केलचं (शुद्ध किती आहे ते १५ पैकी गुणांत मोजायचं) कार्ड, आणि चोवीस तास सीटी व न्यूरोसर्जन कुठे मिळतात त्याची यादी

घरातून उचलायच्या गोष्टी वेगळ्या: चालू औषधांच्या पट्ट्या (नावं सांगतात ती बरेचदा चुकीची असतात, पट्टीच घ्या), जुने स्कॅन, डिस्चार्जचे कागद, बाई गरोदर किंवा बाळंतीण असेल तर तिची फाइल.

१. उंबरठ्यावर थांबा आणि घर बघा

घरात आणखी कुणाचं डोकं दुखतंय का, हा प्रश्न दारातच विचारायची सवय लावून घ्या. एकाच घरातल्या तिघांना एकाच सकाळी डोकेदुखी आणि मळमळ असेल तर तो योगायोग मानू नका. बंद खोलीत कोळशाची शेगडी, गॅसवरचा हीटर किंवा खिडकीजवळ जनरेटर चालू असेल तर कार्बन मोनॉक्साइड डोक्यात आलाच पाहिजे. या वायूला वास नसतो, रंगही नसतो.

इथला सापळा म्हणजे पल्स ऑक्सिमीटर. साध्या ऑक्सिमीटरला ऑक्सिजन लागलेलं हिमोग्लोबिन आणि कार्बन मोनॉक्साइड लागलेलं हिमोग्लोबिन यांतला फरक कळत नाही. रुग्ण गुदमरत असतो आणि पडद्यावर ९९ दिसतं. त्या आकड्यावर विसंबून ऑक्सिजन नाकारू नका. आधी स्वतः बाहेर पडा, सगळ्यांना मोकळ्या हवेत आणा, मग नॉन-रीब्रीदरने पूर्ण ऑक्सिजन. साध्या हवेत रक्तातल्या या विषाचं प्रमाण निम्म्यावर यायला चार ते पाच तास लागतात. शंभर टक्के ऑक्सिजनवर साधारण तास-दीड तास.

२. पहिली दोन मिनिटं: श्वास, शुद्ध, साखर

श्वासमार्ग, श्वास आणि नाडी पाहण्याची पद्धत प्रत्येक कॉलला असते तीच. त्यानंतर लगेच ग्लासगो स्कोअर, दोन्ही बाहुल्या, रक्तातली साखर आणि पक्षाघाताची झटपट तपासणी: हसायला सांगा, दोन्ही हात समोर धरायला लावा, एक साधं वाक्य म्हणवून घ्या. त्याला जोडून डोळे आणि तोलही बघा. लहान मेंदूत रक्तस्राव झालेल्या माणसाचा चेहरा सरळ असतो, हात समान उचलले जातात, बोलणंही स्पष्ट असतं. फक्त त्याला उभं राहता येत नाही. मात्र तोल बघायला रुग्णाला खोलीभर चालवू नका. पलंगाच्या काठावर आधाराशिवाय बसता येतं का, एवढ्यानेही बरंच कळतं.

साखर कमी असल्यानेही डोकं दुखतं, माणूस चिडका होतो, हातपाय लुळे पडतात. एका थेंबाने हा गोंधळ मिटतो, तेव्हा ही तपासणी ‘नंतर गाडीत करू’वर ढकलू नका.

ग्लासगो स्कोअर नुसता ‘१४’ असा लिहू नका. डोळे ४, बोलणं ४, हालचाल ६ असं सुटं लिहा, शेजारी वेळ टाका. पुढे १३ झाला की नक्की काय घसरलं ते कळतं.

३. ‘कधी’ आणि ‘किती वेळात’

इथे घाई करू नका. बाकी सगळी तपासणी मिळून जेवढं कळतं, त्याहून जास्त या दोन प्रश्नांनी कळतं.

सुरुवातीला मी सगळ्यांना विचारायचो, ‘आयुष्यातली सगळ्यात भयंकर डोकेदुखी आहे का?’ सगळेच ‘हो’ म्हणायचे. ज्याने रुग्णवाहिका बोलावली आहे तो दुसरं काय म्हणणार? दहापैकी किती, हा प्रश्नही तसाच. विचारा जरूर, कारण उपचारानंतर तुलना करता येते. पण अर्धशिशीवाला बिनदिक्कत दहा सांगतो आणि रक्तस्राव झालेला कधी सातवर थांबतो.

एकदा एका माणसाने मला सात सांगितलं. आमच्या येण्याआधी त्याने गोळी घेतली होती, आता बरं वाटतंय म्हणत होता. मी नोंदपत्रक भरत होतो, गाडी परत न्यायच्या बेतात होतो. माझ्या वरिष्ठ बाई पलीकडून म्हणाल्या, ‘दादा, दुखायला लागलं त्या क्षणी नेमकं काय करत होतात?’ तो म्हणाला, ‘बूट घालत होतो. डाव्याची नाडी बांधून झाली होती, उजव्याला हात घातला आणि मागून कुणीतरी फळी हाणली असं वाटलं. वळून बघितलं सुद्धा.’ त्याचा उजवा पाय तोवर मोज्यातच होता. दाराशी उजवा बूट तसाच पडलेला.

अर्धशिशीचा रुग्ण असं सांगत नाही. तो म्हणतो, सकाळपासून जड होतं, दुपारी वाढलं, संध्याकाळी सहन होईना. फुटलेल्या रक्तवाहिनीचा रुग्ण क्षण सांगतो. त्या क्षणी हातात काय होतं, कुठलं पाऊल पुढे होतं, हेही त्याला आठवतं. एका मिनिटाच्या आत शिगेला पोचणाऱ्या अशा वेदनेला वज्राघाती डोकेदुखी म्हणतात, आणि तिचं कारण कळेपर्यंत मेंदूभोवतीचा रक्तस्राव धरूनच चालायचं.

आपल्या भाषेची एक गोम लक्षात ठेवा. ‘एकदम दुखायला लागलं’ याचा अर्थ ‘अचानक’ असू शकतो आणि नुसता ‘खूप’ही असू शकतो. ‘अचानक’चंही तसंच. झोपेतून उठलो तर दुखत होतं, यालाही लोक अचानकच म्हणतात. म्हणून शब्दावर थांबू नका. मी हवेत बोटाने दोन चित्रं काढून दाखवतो: एक हळूहळू चढणारा घाट, दुसरी सरळ उभी भिंत. ‘यातलं कुठलं?’ वृद्ध माणसंही पटकन बोट दाखवतात.

वेळ घड्याळाची हवी. ‘संध्याकाळी’ चालणार नाही, ‘७ वाजून ४० मिनिटं’ हवं. वेळ सांगता येत नसेल तर टीव्हीवर काय चालू होतं, कुणाला फोन लावला ते विचारा; फोनमधल्या कॉलच्या यादीत मिनिट सापडतं. एवढा हट्ट का, तर सुरुवातीपासून सहा तासांच्या आत काढलेल्या सीटीत असा रक्तस्राव जवळजवळ चुकत नाही. त्यानंतर रक्त विरत जातं, स्कॅन स्वच्छ दिसू शकतो आणि पाठीतलं पाणी काढून बघायची वेळ येते. पक्षाघात असेल तर गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनसाठी साधारण साडेचार तासांची मुदत असते, आणि ती मोजतात रुग्ण शेवटचा ठणठणीत कधी दिसला तिथपासून.

४. मग हे विचारा

क्रम महत्त्वाचा नाही, एकही सुटू नये एवढंच.

- बेशुद्ध पडला होता का? हा प्रश्न रुग्णाला नको, पाहणाऱ्याला विचारा. रुग्णाला स्वतःची बेशुद्धी आठवत नाही.
- आकडी आली का, उलटी किती वेळा, मान दुखते का?
- जोर लावताना, खोकताना, शौचाला बसल्यावर किंवा संभोगाच्या वेळी सुरू झालं का? शेवटचं सगळ्यांसमोर विचारू नका, खरं उत्तर मिळणार नाही.
- पूर्वी असं दुखायचं का? दुखत असेल तर हे तसंच आहे का? अर्धशिशीच्या जुन्या रुग्णाने ‘हे नेहमीचं नाही’ म्हटलं तर ते वाक्य त्याच्याच शब्दांत लिहून घ्या.
- गेल्या काही आठवड्यांत पडलात, डोकं आपटलं का? किरकोळ आपटलं असलं तरी सांगा.
- रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत का?
- ताप, पुरळ, कर्करोग, प्रतिकारशक्ती कमी करणारा आजार किंवा औषध?
- गरोदर आहे का, किंवा गेल्या सहा आठवड्यांत बाळंत झाली आहे का?
- मान झटकली, मानेला मालिश किंवा ‘मान मोडून घेणं’ असं काही झालं का? मानेतल्या रक्तवाहिनीचं अस्तर फाटलं की डोकं दुखतं, आणि त्याच बाजूची पापणी खाली आलेली, बाहुली बारीक झालेली दिसते.
- पन्नाशीनंतर पहिल्यांदाच असं दुखतंय का?
- आतापर्यंत कुठली गोळी, किती, किती वाजता?

तुम्हाला प्रशिक्षणात ओटावा नियम शिकवला असेल. कॅनडात तयार झालेला हा नियम २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. इजा न झालेल्या, पूर्ण शुद्धीवर असलेल्या आणि तासाभरात शिगेला पोचलेली नवी डोकेदुखी असलेल्या रुग्णासाठी त्यात सहा गोष्टी बघतात: वय ४० किंवा जास्त, मानदुखी किंवा मान ताठ, कुणीतरी पाहिलेली बेशुद्धी, श्रम करताना सुरुवात, वज्राघाती सुरुवात, आणि मान पुढे वाकवता न येणं. एक जरी लागू असली तरी पुढची तपासणी हवी. लोक चूक करतात ती उलट्या दिशेने. सहाही उत्तरं ‘नाही’ आली म्हणजे रुग्णाला घरीच ठेवायला हरकत नाही, असा त्याचा अर्थ घेतात. तो नियम आपत्कालीन विभागातल्या डॉक्टरांसाठी आणि एकाच आजारासाठी आहे. मेंदूज्वर, गुठळी, काचबिंदू याबद्दल तो अवाक्षर बोलत नाही.

५. हाताने आणि डोळ्याने तपासणी

मान: उताणं झोपवून हनुवटी छातीला लावायला सांगा, आधी त्याची त्याला. जमलं नाही तर तुमचा हात डोक्याखाली घालून हळूच उचला. मेंदूच्या आवरणाला सूज असेल तर मान पुढे वाकत नाही, पण डावी-उजवीकडे बऱ्यापैकी वळते. दोन्ही दिशांना दुखली तर साधा स्नायूही असू शकतो. पडल्याचा इतिहास असेल तर ही तपासणी करायचीच नाही. आणि मान मऊ आहे म्हणून मेंदूज्वर नाही, असंही नाही. रक्तस्रावातही मान ताठ व्हायला काही तास लागतात.

त्वचा: ताप आणि डोकेदुखी असेल तर कपडे सैल करून पोट, मांड्या, तळवे, पापण्यांची आतली बाजू बघा. सावळ्या त्वचेवर बारीक ठिपके हातापायांच्या तळव्यांवर आधी दिसतात. काचेचा पेला दाबून ठिपका फिका पडत नसेल तर गाडी चालू करा, बाकीचं वाटेत.

डोळे: एक डोळा लाल, बाहुली अर्धवट मोठी आणि टॉर्चला न हलणारी, दिव्यांभोवती वलयं दिसतात, उलट्या होताहेत, तर तो अचानक चढलेला काचबिंदू असू शकतो. उलट्यांमुळे आपण पोटाच्या मागे लागतो आणि डोळा राहून जातो.

कानशील: वयस्क रुग्णाला केस विंचरताना टाळू दुखते का, चावताना जबडा भरून येतो का, मध्येच दिसेनासं होतं का, विचारा. कानशिलाच्या धमनीला सूज असेल तर उपचाराला उशीर झाल्यास कायमची दृष्टी जाते.

ईसीजी: मेंदूभोवती रक्तस्राव झाल्यावर ईसीजीत खोल उलट्या टी लहरी, एसटीतले बदल, लांबलेला क्यूटी (ठोक्याची विद्युत क्रिया सुरू होऊन संपेपर्यंतचा वेळ) दिसू शकतो. हृदयविकार समजून अ‍ॅस्पिरिन दिलं की रक्तस्राव आणखी बिघडतो. आधी डोकं दुखलं की आधी छाती, हे विचारल्याशिवाय अ‍ॅस्पिरिनच्या पट्टीला हात लावू नका.

रुग्णाकडे नुसतं बघूनही कळतं. अर्धशिशीवाला अंधारात, न हलता पडून असतो. क्लस्टर डोकेदुखीवाला एका जागी बसत नाही. येरझारा घालतो, डोकं भिंतीवर आपटतो, एकाच बाजूचा डोळा लाल आणि पाणावलेला असतो. मद्यधुंद किंवा वेडसर समजून त्याला पकडून ठेवायचा प्रयत्न झालेला मी पाहिलाय.

६. उपचार

_बसवणं-झोपवणं._ मेंदूत दाब वाढल्याची शंका असेल तर स्ट्रेचरचा डोक्याकडचा भाग ३० अंश वर, मान सरळ, गळ्याभोवतीचं सगळं सैल. गरोदर बाईला डाव्या कुशीवर. काचबिंदूच्या रुग्णाला मात्र उताणं, आणि गाडीतले दिवे बंद नकोत. अंधारात बाहुली मोठी होते आणि डोळ्यातला दाब वाढतो. दुखतंय म्हटलं की आपण सवयीने दिवे मालवतो. अर्धशिशीला ते बरोबर आहे, इथे नाही.

_ऑक्सिजन._ ९४ च्या खाली असेल तर द्या. वर असेल तर सर्रास नको. अपवाद दोन: कार्बन मोनॉक्साइड आणि क्लस्टर. क्लस्टरला मिनिटाला १२ ते १५ लिटर, नॉन-रीब्रीदरने, पंधरा मिनिटं, बसवून. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत १२ लिटर ऑक्सिजनवर पंधरा मिनिटांत ७८ टक्के झटके शमले, साध्या हवेवर २० टक्के. गाडीत जे डोळ्यांदेखत काम करतं, अशा मोजक्या उपचारांपैकी हा एक.

_उलटी._ ओकताना दाब वाढतो, श्वासात जायची भीती असते, तेव्हा उलटी थांबवणं हाही डोक्याचाच उपचार. ऑनडॅन्सेट्रॉन ४ मिलिग्रॅम शिरेतून, आधी ईसीजीत क्यूटी बघून. अर्धशिशी असेल तर मेटोक्लोप्रामाइड १० मिलिग्रॅम जास्त उपयोगी, त्याने दुखणंही कमी होतं. पण ते पंधरा मिनिटांत सावकाश द्या. भस्सकन दिलं तर रुग्णाला विलक्षण अस्वस्थ वाटतं. चालत्या गाडीतून उतरायला निघालेला रुग्ण मी सांभाळलाय.

_वेदना._ पॅरासिटामॉल १ ग्रॅम, वजन ५० किलोच्या आत असेल तर किलोला १५ मिलिग्रॅम. घरी घेतलेल्या गोळ्या धरून दिवसाला ४ ग्रॅमच्या वर नको. रक्तस्रावाची शंका मिटेपर्यंत अ‍ॅस्पिरिन, डायक्लोफेनॅक, केटोरोलॅक, आयबुप्रोफेन बंद. ट्रिप्टान गटातली (अर्धशिशीवरची) औषधं पहिल्यांदाच होणाऱ्या डोकेदुखीला, हृदयविकार असलेल्याला किंवा पक्षाघाताच्या शंकेत नकोत. अर्धशिशीला अफूवर्गीय औषधं टाळा. रक्तस्रावाच्या तीव्र वेदनेत आदेश मिळाला तर फेन्टानिल २५ ते ५० मायक्रोग्रॅम, श्वासावर नजर ठेवून.

आणि हे ठळक करून ठेवा: औषधाने दुखणं थांबलं म्हणून कारण साधं ठरत नाही. रक्तस्रावाची वेदनाही गोळीने कमी होते.

_बीपी._ २०० दिसलं की हात शिवशिवतात. खाली आणू नका. मेंदूत दाब वाढला की तिथे रक्त पोचावं म्हणून शरीरच बीपी चढवतं; ते झटक्यात पाडलं तर मेंदूचं रक्त तुटतं. जिभेखाली कॅप्सूल फोडायची जुनी पद्धत तर अजिबात नको. बीपी वाढलेलं, नाडी मंदावलेली, श्वास अनियमित, हे तिन्ही एकत्र दिसले तर मेंदू खाली सरकायला लागलाय.

अशा वेळी, म्हणजे एक बाहुली मोठी झाली किंवा ग्लासगो स्कोअर भराभर दोन-तीनने घसरला, तर श्वास हातात घ्या. बॅगने मिनिटाला २० श्वास, कॅप्नोग्राफ (सोडलेल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणारं यंत्र) असेल तर त्यावरचा आकडा ३० ते ३५ राहील असं बघा. हे फक्त या स्थितीत आणि थोड्या वेळापुरतं. इतर रुग्णांत जास्त बॅग दाबल्याने मेंदूच्या रक्तवाहिन्या आखडतात आणि नुकसान होतं.

_आकडी._ कुशीवर वळवा, साखर पुन्हा बघा, मिडाझोलम १० मिलिग्रॅम मांडीत (४० किलोच्या वर वजन असेल तर).

_गरोदर आणि बाळंतीण._ विसाव्या आठवड्यानंतर किंवा बाळंतपणानंतरच्या सहा आठवड्यांत डोकेदुखी आणि बीपी १४०/९० किंवा वर असेल तर गर्भारपणातला रक्तदाबाचा आजार समजून चाला. १६०/११० ला पोचलं, डोळ्यांपुढे चमकायला लागलं, बरगड्यांखाली दुखायला लागलं तर आकडी जवळ आली आहे. मॅग्नेशियम सल्फेट ४ ग्रॅम शिरेतून १५ ते २० मिनिटांत, गुडघ्याचा झटका आणि श्वास बघत. उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट हाताशी. बीपी कमी करायचं औषध इथे लागतं, पण डॉक्टरांना फोन करून. बाळंतीण सुटते ती बहुतेकदा अशी: बाळ कुशीत, घरातले म्हणतात झोप झाली नाही, आणि आपणही मान डोलावतो. बाळंतपणानंतर मेंदूच्या शिरेत गुठळीही होते, त्यात बीपी अगदी साधं असतं.

_मेंदूज्वर._ रुग्णाला मास्क, तुम्हाला मास्क. अंतर लांब असेल आणि आदेश मिळाला तर अ‍ॅलर्जी विचारून सेफ्ट्रायअ‍ॅक्सोन २ ग्रॅम. त्यासाठी निघायला उशीर करू नका. पुढे निदान पक्कं झालं तर तुम्हाला प्रतिबंधक औषध लागेल का, हे वरिष्ठांना विचारा.

७. ‘आता बरं वाटतंय, राहू दे’

बुटाच्या माणसालाही यायचं नव्हतं. वरिष्ठ बाईंनी त्याच्याशी वाद घातला नाही. त्यांनी त्याच्या बायकोला बाजूला घेतलं. ती म्हणाली, ‘हाक मारली तर अर्धा मिनिट ओ देत नव्हते, मला वाटलं माझ्यावर चिडलेत.’ म्हणजे पाहिलेली बेशुद्धी. मग त्याला घाबरवणारं काही न बोलता एवढंच सांगितलं: ‘नस फुटली असेल तर पहिल्या चोवीस तासांत ती पुन्हा फुटायची भीती सगळ्यात जास्त. आज एक स्कॅन झाला की कळेल.’ तो उठला, स्वतःच्या पायांनी निघाला. आम्ही स्ट्रेचरवर घेतलं. वाटेत दोन उलट्या आणि स्कोअर १५ वरून १३.

एवढं करूनही कुणी नाही म्हणालंच, तर आधी त्याला परिस्थिती समजतेय का ते तपासा: त्याच्याच शब्दांत धोका सांगायला लावा. गोंधळलेल्या माणसाचा नकार हा नकार नसतो. समजत असेल तर नकारपत्रावर सही आणि साक्षीदार घ्या, डॉक्टरांशी फोनवर बोलणं करून द्या, आणि घरातल्या एकाला सांगून ठेवा की उलटी, झोपाळूपणा, आकडी, दोन दिसणं यातलं काहीही झालं तर लगेच बोलवा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणारा आणि आठवड्यापूर्वी पडलेला वृद्ध असेल तर एवढ्यावर समाधान मानू नका, मुलाला फोन लावा, शेजाऱ्यांना बोलवा, पण न्या.

८. कुठे न्यायचं आणि काय सोपवायचं

सगळ्यात जवळचं रुग्णालय नेहमीच योग्य नसतं. वज्राघाती सुरुवात, घसरती शुद्ध किंवा पक्षाघाताची खूण असेल तर सीटी आणि न्यूरोसर्जन असलेल्या ठिकाणी, आधी कळवून. पण श्वासमार्ग सांभाळता येत नसेल तर जवळचंच गाठा. वाटेत दर पाच मिनिटांनी बाहुली, स्कोअर, बीपी. गाडी धक्के न देता चालवायला सांगा. उलटी झाली तर तुमचंच काम वाढतं.

हँडओव्हर साठ सेकंदांत उरका आणि पहिलं वाक्य सुरुवातीचं ठेवा: ‘वय अमुक, ७ वाजून ४० मिनिटांनी बूट घालताना क्षणात शिगेला पोचलेली डोकेदुखी, बायकोने पाहिलेली अर्ध्या मिनिटाची बेशुद्धी, तेव्हा स्कोअर १५, आता १३.’ बीपीने सुरुवात केली तर ऐकणारा बीपीच लक्षात ठेवतो. मग दिलेलं औषध, मात्रा, वेळ. घरी घेतलेल्या गोळ्या. रक्त पातळ करणारं औषध असेल तर त्याचं नाव आणि शेवटची गोळी कधी घेतली ते.

निघण्याआधी एक काम उरतं. सुरुवात डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाचं नाव आणि फोन नंबर कागदावर लिहून नर्सच्या हातात द्या. तोंडी सांगू नका. रात्री ड्युटी बदलते.